'स्मृतिचित्रे'तील जातिभेदनिरास आणि ख्रिस्ती श्रद्धा : एक चिकित्सा

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चे स्थान अनन्यसाधारण आहे. त्यातील निर्मळ विनोदाविषयी समीक्षकांनी भरभरून लिहिले. जातिभेदनिरासाकडे मात्र बहुधा धर्मांतराचा ओघाने आलेला परिणाम म्हणून पाहिले गेले. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात गेले. बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेणारे ते घर! १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांचा स्वयंपाक काही काळ वेगळाच राहिला. पुढे मात्र त्यांना प्रश्न पडतो : जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती देहावरून ओळखू येतात, माणसांच्या येत नाहीत. मग हा भेद देवाचा कसा? येथून त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. विशेष म्हणजे हा निश्चय त्यांच्या १९०० मधील बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. अर्थात जातिभेदाचा त्याग हे येथे धर्मांतराचे फळ नसून धर्मांतराकडे नेणारी वाट आहे.

हा क्रम उलटा असता तर काय घडते, हे चर्चच्या इतिहासात दिसते. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ज्यू व ग्रीक, दास व स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे प्रतिपादले आहे. तरीही दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णविद्वेषी धोरणाला बायबलचाच आधार दिला. ओटावा येथील रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक परिषदेने त्या समर्थनास पाखंड ठरविले, ते थेट १९८२ मध्ये. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जात पाळली गेली. बाप्तिस्मा झाला, भेद राहिला.

खुद्द नाशिकच्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून मुक्त झालेली आफ्रिकी मुले मिशनच्या शाळेत शिकत होती. त्यांपैकी जेकब वेनराइटला १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीजवळ मानाचे स्थान मिळाले. हा सन्मान खराच. पण तो एका गोऱ्या धन्याच्या निष्ठावंत सेवकाचा होता. लक्ष्मीबाईंच्या तर्कात अशा धन्याला जागाच नाही. त्याची मदार शास्त्रवचनावरही नाही. डोळ्यांसमोरच्या माणसाच्या देहावर आहे.