पट, पत्ते आणि घरोघरचे नियम

बैठ्या खेळांच्या निदान चार परंपरा माटुंग्यात शेजारी शेजारी नांदतात. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. पुढच्या तीन-चार दशकांत तिथल्या इमारतींत तमिळ, कन्नड, कच्छी-गुजराती आणि मराठी कुटुंबे राहायला आली. स्वयंपाक, देव आणि भाषा यांच्याबरोबर प्रत्येकाने आपले खेळही आणले. तमिळ घरात पल्लांगुळीचा लाकडी पट आला, कन्नड घरात चौकाबारा, मराठी घरात सोंगट्या आणि पत्ते, तर गुजराती घरात श्रावणातल्या सातम-आठमीचा जुगार. माटुंग्यातले उपाहारगृह सगळ्या मुंबईने आपलेसे केले. हे खेळ मात्र आपापल्या उंबऱ्याआड राहिले.

वास्तविक त्यांच्यात पुष्कळ सारखेपणा आहे. पाच बाय पाच घरांचा, मधल्या घरावर फुली मारलेला कवड्यांचा पट कन्नड माणूस चौकाबारा म्हणून खेळतो आणि मराठी माणूस अष्टाचंगा म्हणून. चार कवड्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. बाहेरच्या रांगेतून एका दिशेने फिरायचे आणि आतल्या रांगेत शिरल्यावर उलट्या दिशेने. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जायचे की नाही, यावर मात्र गावागणिक मतभेद आहेत. पल्लांगुळीचे गणित निराळे. दोन रांगांत सात-सात खळगे असतात आणि त्यांत चिंचोके किंवा लाल गुंजा पेरत जायचे. पेरता पेरता एखाद्या खळग्यात चार बिया जमल्या की त्यांना ‘पशु’ म्हणतात, आणि ज्याच्या बाजूचा खळगा असेल तो त्या उचलतो. इथे फासा नाही की कवडी नाही. सगळे गणित उघड्यावर मांडलेले असते, म्हणूनच मुरलेल्या आजीपुढे नातवंडांचा निभाव लागत नाही.

सोंगट्यांची महाराष्ट्रातली परंपरा फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. मोक्षपटाचे कर्तेपण परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. त्याला समकालीन पुरावा नाही आणि उपलब्ध पट बरेच नंतरचे आहेत. तरी पाप-पुण्याच्या घरांतून मोक्षाकडे नेणारा हा पट महाराष्ट्रात खेळला जात होता, एवढे त्या पटांवरून नक्की सांगता येते. पुढे इंग्लंडमध्ये त्यातली अध्यात्माची घरे गेली, सापशिडी उरली, आणि तीच छापील पुठ्ठ्यावर इथे परत आली. पचिशीचे लुडो झाले तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तिथेच. आज हा खेळ सर्वाधिक लोक खेळतात ते मोबाइलवर. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला. त्यात नियम यंत्र पाळते. त्यामुळे भांडण होत नाही, आणि नियम बदलण्याची सोयही राहत नाही.

गंजिफ्याची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, स्थिती वेगळी आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० पानांचा असतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग; प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. पाने गोल असतात. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो पहिली उतारी करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. राजा आणि प्रधान सगळ्याच रंगांत वरचढ असतात. त्यांच्या खाली मात्र निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा. बावन्न पानांतला हुकुमाचा रंग इथे नाही. कोणते पान पडून गेले आणि आता त्या रंगात सर्वांत मोठे कोणते उरले, हे लक्षात ठेवणे एवढेच कौशल्य. १२० पानांच्या बाबतीत ते कमी नाही.

ही पाने रंगवणारे चितारी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपले होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ही कला नव्या हातांना शिकवून घेतली. राजवाड्यातच कार्यशाळा सुरू झाली, आणि गंजिफा वाचला. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या कामाचे मोल मोठे आहे. पण वाचले ते चित्र, खेळ नव्हे. गंजिफा घेणारा पर्यटक तो शोकेसमध्ये ठेवतो किंवा चौकटीत घालून भिंतीवर लावतो. तीन माणसे जमवून चादरीवर चाळीस-चाळीस पाने वाटून घेणारे घर शोधूनही सापडणे कठीण. संग्रहालयांचेही तेच. पाटीवर काळ, माप आणि माध्यम लिहिलेले असते. डाव कसा टाकायचा ते नसते. वाद्य जपून राग विसरावा, तशी ही गत आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण बावन्न पत्त्यांचे. त्यांना कुणाचा आश्रय नाही, मानांकन नाही, उलट ‘पत्ते कुटणे’ ही शिवीच आहे. तरी खेळ जिवंत आहे. मेंढीकोटात चौघे दोन जोड्या करून बसतात, प्रत्येकाला तेरा पाने मिळतात आणि सगळा जीव चार दश्श्यांत अडकलेला असतो. तीन दश्श्या करणारी जोडी जिंकली; दोन-दोन झाल्या तर जास्त हात करणारी; चारही केल्या की कोट. हुकूम ठरवण्याच्या रीती मात्र अनेक. कुठे कट हुकूम, म्हणजे मागितलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल त्याने टाकलेला रंग हुकूम. कुठे एक पान झाकून ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा ते उघडायला लावायचे. या एका फरकाने खेळाचा स्वभाव बदलतो. कट हुकुमात हातातला एखादा रंग लवकर संपवण्याची घाई असते, तर झाकल्या हुकुमात जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघण्याची मनाई असते आणि तरी सगळे बघतात.

कोकणात आणि मुंबईत रुजलेला तीनशे चार हा अधिक अवघड खेळ. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस पाने. गुलामाचे ३० गुण, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २. एका रंगाचे ७६ होतात, चार रंगांचे ३०४. केरळी घरांतला अठ्ठावीस याच कुळातला. त्यात गुलाम तीन आणि नव्वी दोन गुणांची. लोकल गाड्यांतली मंडळी गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून बहुधा मेंढीकोट किंवा रमी खेळतात. गाडी शेवटच्या स्थानकात शिरली की डाव असेल तिथे मोडतो. या खेळांचे नियम कुठल्याही पुस्तकात एकसारखे नाहीत, आणि ते टिकले आहेत त्याचे एक मोठे कारण हेच असावे. खेळणारा नियम पाळतो तसा बदलतोही. सुट्टीत तीनच भावंडे जमली की पाच-तीन-दोन निघते, दहा जमली की झब्बू, आणि सर्वांत धाकट्याला हरल्यावर रडू येऊ नये म्हणून एखादा नियम तिथल्या तिथे जन्माला येतो.

नवा खेळ रचणे ही आपल्याकडे हलकी गोष्ट मानली जात नव्हती. अकबराच्या गंजिफ्याची आणि त्याने त्यात केलेल्या बदलांची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी पत्त्यांचे कितीतरी नवे जोड रचले. त्यांतला सर्वांत मोठा ३६० पानांचा. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ लिहून बुद्धिबळाच्या आणि पटांच्या अनेक प्रकारांची मांडणी केली. त्यांच्यानंतर मात्र मोठी पोकळी दिसते. विसाव्या शतकातल्या आपल्या खेळण्यांच्या धंद्याने रचना केली नाही, नक्कल केली. ‘व्यापार’ हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी जमीनदारीवर टीका म्हणून १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या खेळातून मोनोपोली निघाली, आणि तिच्यावर इथली नावे चिकटवून व्यापार झाला. चाळीतली भाडेकरूची पागडी, गिरणीचा संप, पुनर्विकास हे सगळे समोर घडत असताना पटावर त्यातले काहीच आले नाही. रचनेच्या दृष्टीने हा आळसच म्हणावा लागेल.

कॅरमने वेगळी वाट धरली. त्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. पण संघटना झाल्या, १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, सार्वजनिक कंपन्यांत खेळाडूंना नोकऱ्या मिळाल्या, आणि गल्लीतला खेळ क्रीडाप्रकार बनला.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे बदलले आहे. मुंबईच्या झैन मेमन यांच्या ‘शासन’ या निवडणुकीवरच्या खेळाने २०१९ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभे केले आणि तो परदेशातही खेळला गेला. विषय इथला, यंत्रणा नवी, आणि डाव जिंकण्यासाठी तत्त्वे विकावी लागतात ही खोच पटातच विणलेली. म्हणून तो व्यापारापेक्षा कितीतरी पुढचा. पण असे खेळ महाग, इंग्रजी आणि उपनगरी कॅफेंभोवती फिरणारे आहेत. मेंढीकोट खेळणाऱ्या घरापर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि मेंढीकोटातली युक्ती या रचनाकारांपर्यंत पोहोचत नाही.

कायद्याने रचनाकाराला फारसे संरक्षण दिलेले नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(एम)ने खेळ खेळण्याची पद्धत पेटंटबाहेर ठेवली आहे. २००८ मध्ये मॅटेल कंपनीच्या स्क्रॅबलवरील दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने पटावर व नियमांवर लेखाधिकार मान्य केला नाही. ट्रेडमार्क मात्र मान्य केला. नाव आणि चित्र राखता येते, डाव राखता येत नाही. रचनाकाराचे यात नुकसान आहे, परंपरेचा मात्र फायदा: पल्लांगुळीतली पेरणी, गंजिफ्यातली उलटी उतरंड, तीनशे चारचे गुण हे सगळे कुणालाही उचलून नव्या खेळात वापरता येते.

त्यासाठी आधी ते नियम हाताशी हवेत. मराठीत घरगुती पत्त्यांच्या आणि पटांच्या नियमांचे, पाठभेदांसह, एक विश्वसनीय पुस्तक हवे आहे. ते विद्यापीठाच्या किंवा संग्रहालयाच्या आधी घरांतूनच सुरू होऊ शकते. ज्यांच्या घरी आजी-आजोबा अजून डाव मांडतात, त्यांनी एक वही घेऊन ते नियम, भांडणाच्या मुद्द्यांसकट, या सुट्टीतच उतरवून ठेवावेत.