कुटुंबांची लोकसंख्या की चुलींची मोजदाद? महाराष्ट्राविषयीच्या तक्त्यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ इतकी असून ती सुमारे २ कोटी ४४ लाख कुटुंबांत विभागलेली आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की कुटुंबाचा सरासरी आकार ४.६ असा मिळतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या अध्यापनात व लघुशोधप्रकल्पांत ही सरासरी वारंवार वापरली जाते आणि तिच्या पाठोपाठ ‘संयुक्त कुटुंबपद्धती मोडकळीस आली आहे’ हा निष्कर्षही मांडला जातो. आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागेल. शासकीय तक्त्यांतील ‘कुटुंब’ ही संज्ञा नेमके काय मोजते आणि तिच्या आधारे राज्याच्या लोकसंख्येची जी रचना आपल्यापुढे येते ती कितपत विश्वसनीय आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा प्रश्न

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेतात, त्यांचे एक कुटुंब होते. रक्ताचे नाते ही त्यासाठीची अट नाही. एकत्र राहून एकत्र जेवणारे चार मित्र हेही जनगणनेच्या दृष्टीने कुटुंबच होय. उलटपक्षी एकाच वाड्यात राहणारे, सामाईक जमीन कसणारे. परंतु वेगळ्या चुली मांडलेले दोन सख्खे भाऊ ही दोन कुटुंबे ठरतात.

मराठी भाषेला हा भेद नवा नाही. गावाचा आकार सांगताना ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असे म्हटले जाते. भाऊ विभक्त झाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतात. आणि लग्नकार्य, सुतक वा जमिनीचा वाद असला की ‘भावकी’ एकत्र येते. उंबरा, चूल आणि भावकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जनगणनेसाठी पूर्वी रूढ असलेला ‘खानेसुमारी’ हा शब्द तर घरांच्या मोजणीशीच नाते सांगतो. आजच्या तक्त्यांत मात्र चुलीच्या मोजणीला ‘कुटुंब’ हे नाव मिळाले. ज्या शब्दाने जुन्या मराठीत प्रसंगी केवळ पत्नीचाही निर्देश होत असे आणि आज सर्व आप्तसंबंधांचा बोध होतो, त्या शब्दाने एका तांत्रिक घटकाचा निर्देश केल्यामुळे वाचकाचा गोंधळ होणे अपरिहार्य आहे.

समाजशास्त्राने हा गोंधळ बऱ्याच पूर्वी ओळखला होता. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात संयुक्त कुटुंबाच्या व्याख्येत एक छप्पर व एक चूल यांच्या बरोबरीने सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि विशिष्ट नातेसंबंध यांचाही समावेश केला. आय. पी. देसाई यांनी महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास करताना (१९६४) निवासापेक्षा परस्परांवरील कर्तव्ये व मालमत्ता यांकडे लक्ष वेधले, तर ए. एम. शहा यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात निवासाचा घटक आणि कुटुंब यांत स्पष्ट भेद केला. तक्त्यांच्या वाचनात मात्र हा भेद आपण सोयीस्करपणे विसरतो.

सरासरीचा भ्रम

एक साधे गणित पाहू. आजी-आजोबा, त्यांचे दोन विवाहित मुलगे, दोन सुना आणि प्रत्येक दांपत्याची चार अपत्ये असे एकाच चुलीवरचे कुटुंब चौदा माणसांचे होते. पुढील काळात प्रत्येक दांपत्यास दोनच अपत्ये असतील तर हेच कुटुंब दहा माणसांचे होईल. चूल एकच राहिली, जमीन वाटली गेली नाही, तरीही आकार जवळपास तीस टक्क्यांनी घटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका आढळला आहे. तेव्हा कुटुंबाचा आकार लहान होण्यात जननदरातील घट हे एक मोठे कारण असले पाहिजे. केवळ सरासरीवरून घर फुटले असे म्हणणे हा कारणमीमांसेतील दोष होय. त्यासाठी कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि एका घरातील विवाहित दांपत्यांची संख्या दर्शविणारे तक्ते पाहणे आवश्यक आहे.

लिंग-गुणोत्तराचा प्रश्न

संज्ञेच्या या अस्पष्टतेचे गंभीर परिणाम लिंग-गुणोत्तराच्या बाबतीत दिसून येतात. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे स्वागतही झाले. महाराष्ट्रासाठी हा आकडा ९६६ होता. चौथ्या फेरीत (२०१५-१६) तो ९५२, तर २०११ च्या जनगणनेत ९२९ होता. हे तीन आकडे एका ओळीत मांडले की राज्यात स्त्रियांचे प्रमाण झपाट्याने सुधारल्याचे चित्र उभे राहते.

परंतु हे आकडे एकाच लोकसंख्येचे नाहीत. जनगणनेत सामान्य कुटुंबांसह संस्थात्मक कुटुंबे आणि बेघर माणसेही मोजली जातात. सर्वेक्षणातील गुणोत्तर मात्र निवडलेल्या घरांत मुलाखतीच्या आदल्या रात्री मुक्कामास असलेल्या माणसांचे असते. वसतिगृहे, तुरुंग, बराकी आणि पदपथ यांवरील लोकसंख्या त्यातून वगळली जाते. या ठिकाणी पुरुषांचे प्रमाण अधिक असल्याने घरांतील गुणोत्तर स्त्रियांकडे झुकते. स्त्रियांचे आयुर्मान अधिक असल्याचाही त्यात वाटा आहे. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जन्माच्या वेळचे लिंग-गुणोत्तर चौथ्या फेरीत ९२४ आणि पाचव्या फेरीत ९१३ असे आहे. नमुना-सर्वेक्षणातील हा फरक लहान असल्याने परिस्थिती निश्चितपणे बिघडली असे म्हणता येणार नाही. परंतु ती सुधारली असे म्हणण्यास त्यात कोणताच आधार नाही. एकूण गुणोत्तराचे स्वागत करताना जन्माच्या वेळच्या गुणोत्तराकडे दुर्लक्ष झाले, तर मुलींच्या जन्मासंबंधीचा राज्यापुढील प्रश्न तक्त्यांच्या आड झाकला जाईल.

जनगणनेचे आकडेही याच सावधगिरीने वाचावे लागतात. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे लिंग-गुणोत्तर ११२२, तर मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२ होते. रत्नागिरीत स्त्रीला अधिक स्थान आहे आणि मुंबईत ते नाही, असा याचा अर्थ कोणीही लावणार नाही. चाकरमानी मुंबईत आणि त्याचे घर कोकणात, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एकाच कुटुंबाच्या दोन चुली दोन जिल्ह्यांत मांडल्या गेल्या आणि तक्त्याने त्यांची दोन कुटुंबे केली. रत्नागिरीतील शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर एक हजाराच्या खालीच होते, ही गोष्ट येथे पुरेशी बोलकी आहे.

कोयता आणि कुटुंब

मराठवाडा आणि लगतच्या भागातील ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कामगार दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या व्यवसायात मोजणीचे एकक ‘कोयता’ हे आहे, आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः पती-पत्नीची जोडी. तान्ही मुले आईवडिलांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात. काही मोठी मुले आजी-आजोबांपाशी गावीच ठेवली जातात.

२०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि तिचा संदर्भक्षण १ मार्च हा होता. हा काळ गळीत हंगामाचा आहे. गणनेच्या संपूर्ण काळात जी व्यक्ती गावाबाहेर आहे तिची नोंद ती असेल तेथे करावी, असा नियम असल्याने तोडणीची जोडी सांगली-कोल्हापुरात वा सीमेपलीकडे कर्नाटकात मोजली जाते आणि गावी उरलेल्या आजी-नातवंडांचे स्वतंत्र कुटुंब होते. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम मुख्यतः २०१९ च्या उत्तरार्धात झाले. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी भेट दिलेल्या गावात हीच जोडी घरी सापडण्याची शक्यता अधिक. दोन्ही नोंदी आपापल्या नियमांनुसार खऱ्याच आहेत. परंतु त्यांची थेट तुलना करून कुटुंबरचना बदलली असे म्हणणे म्हणजे ऋतूतील फरकाला समाजातील परिवर्तन समजणे होय.

आदिवासी भागातील आश्रमशाळांचेही असेच आहे. तेथे निवासी असलेली मुले फेब्रुवारीत संस्थात्मक कुटुंबांत गणली जातात. कुटुंबाच्या आकाराचे तक्ते सामान्य कुटुंबांचे असल्याने पाड्यावरील घर प्रत्यक्षाहून लहान दिसते आणि त्याच्या वयोरचनेत शालेय वयाची मुले कमी भरतात.

तक्त्यांचे मोल

या विवेचनावरून शासकीय आकडेवारी निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे अनुचित ठरेल. चूल हे एकक घेतल्यामुळेच पाणी, इंधन, शौचालय आणि निवारा यांची मोजणी शक्य होते. कारण या गोष्टी भावकीला नव्हे, तर चुलीला लागतात. माणूस जेथे आहे तेथे त्याला मोजण्याचा नियमही प्रामाणिक आहे. त्यामुळेच फडावरची वस्ती कागदावर येते. बीड जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर ८०७ पर्यंत खालावल्याचे राज्यास २०११ च्या याच जनगणनेने दाखवून दिले. दोष मोजणीत कमी आणि वाचनात अधिक आहे.

समारोप

२०२१ ची नियोजित जनगणना लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ हा निश्चित झाला असून तीत जातींचीही नोंद होणार आहे. हा संदर्भक्षणही गळीत हंगामातच येतो. त्यामुळे कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीची किती कुटुंबे, या प्रश्नाच्या उत्तरावर स्थलांतराची छाया राहणार आहे. त्या आकड्यांवर उद्या योजनांचे आणि प्रतिनिधित्वाचे दावे उभे राहतील.

अशा वेळी महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी वाढते. तक्ता वर्गात मांडण्यापूर्वी तो कोणत्या महिन्यातील आहे, त्यात संस्थात्मक व बेघर लोकसंख्या धरली आहे काय, आणि माणूस नेहमीच्या निवासस्थानी मोजला की प्रत्यक्ष मुक्कामाच्या जागी, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांकडून काढून घेतली पाहिजेत. स्थानिक सर्वेक्षण हाती घेणाऱ्या विभागांनी प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न घालावा : या चुलीवर आज न जेवणारी, परंतु जिची मिळकत वा जबाबदारी या घराशी बांधलेली आहे अशी व्यक्ती कोठे आहे? महाराष्ट्राच्या पुष्कळ कुटुंबांचे स्वरूप या एका प्रश्नाच्या उत्तरातच दडलेले आहे, आणि आजचा कोणताही तक्ता ते पूर्णपणे सांगत नाही.