‘बायनरीत पाठवलं’ एवढं पुरेसं नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी कार्यपद्धतीच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘डेटा लिनक्सवरून मेनफ्रेमवर बायनरी पद्धतीने हलवला.’ अशी वाक्यं बऱ्याच प्रबंधांत दिसतात. माझा आक्षेप असा, की या वाक्यावरून तुमचा डेटा शाबूत पोचला की नाही, हे कुणालाच कळत नाही.

एक उदाहरण घ्या. ८० बाइटचा रेकॉर्ड आहे: पहिले २ बाइट राज्य, पुढचे ३ जिल्हा, मग गावाचं नाव. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र २७, बुलढाणा ५००, पुणे ५२१. उंद्री बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि पुण्यातही. दोन्ही वेगळी ओळखायची ती जिल्ह्याच्या तीन आकड्यांवरूनच.

लिनक्सवर ओळीच्या शेवटी नव्या ओळीचा एक बाइट असतो, म्हणजे ओळ ८१ बाइटची. मेनफ्रेमच्या ठरावीक लांबीच्या फाइलमध्ये अशी खूण नसते. दर ८० बाइटला रेकॉर्ड संपतो. बायनरीत पाठवलं की तो जादा बाइटही डेटा म्हणून आत शिरतो. पहिला रेकॉर्ड ठीक राहतो. दुसरा एक बाइट सरकतो. अक्षरसंच नंतर बदलून घेतला तरी जिल्हा ५०० ऐवजी ७५० वाचला जातो. तिसरा दोन बाइट सरकतो. आपण मात्र पहिला रेकॉर्ड बघून खूश!

‘फाइलचा आकार ८० ने भागून बघा’ हा सल्लाही अर्धवट आहे. ८० ओळींची फाइल ६४८० बाइटची. भाग निःशेष जातो, पण भागाकार येतो ८१. म्हणून ओळींची आणि रेकॉर्डची संख्या जुळवायलाच हवी.

मग टेक्स्ट पद्धत वापरावी? ती नव्या ओळीची खूण काढते, आस्कीचं एबसिडिक करते, आखूड ओळ रिकाम्या जागांनी भरते. पण रेकॉर्डमध्ये पॅक्ड डेसिमल आकडे असतील तर त्यांनाही अक्षरं समजून बदलते, आणि रकमेचा पार चुथडा होतो. तिथे नव्या ओळीच्या खुणा आधी काढा, बायनरीत पाठवा आणि फक्त अक्षरांचे रकाने नंतर बदला.

देवनागरीत आणखी एक खाच आहे. ‘उंद्री’ दिसायला दोन अक्षरं, पण यूटीएफ-८ मध्ये सहा घटक, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८. कुणी ‘१० पुरेत’ म्हणून रकाना आखला, तर उरतं ‘उंद’ आणि एक अनाथ बाइट.

म्हणून प्रबंधात पाच गोष्टी लिहा: रेकॉर्डची लांबी बाइटमध्ये, पाठवण्याची पद्धत, दोन्हीकडचा अक्षरसंच, दोन्हीकडची रेकॉर्डसंख्या आणि एखाद्या आकड्याच्या रकान्याची दोन्हीकडची बेरीज. आणि पाठवून झाल्यावर पहिला नाही, दुसरा आणि शेवटचा रेकॉर्ड उघडून बघा.