सारंगखेडा व महायुद्धाचे कागद

तापीकाठच्या सारंगखेड्याचीं जीं वर्णनें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांत दत्तयात्रेचा घोडेबाजार व त्याच्या प्राचीनत्वाच्या दंतकथा विपुल आहेत. दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख मात्र नाहीं. आमच्या मतें हा दोष लहान नव्हे. ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयांनीं लोकप्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत ओढला. पुढें काँग्रेस मंत्रिमंडळांचे राजीनामे, १९४२ चा ‘चले जाव’ ठराव, ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच जिल्ह्यांतील नंदुरबारास शिरीषकुमार मेहता व त्यांचे सोबती यांजवर झालेला गोळीबार, युद्धानंतर १९४६ चें मुंबईंतील नौसैनिकांचें बंड, आणि १९४७ चें स्वातंत्र्य व फाळणी, ही एकच परंपरा होय. आमचे लेखक नंदुरबारची वीरकथा सांगतात व युद्ध गाळतात; त्यामुळें कार्य दिसतें, कारण दिसत नाहीं.

मुळावांचून कांहीं लिहूं नये, हा मल्लिनाथाचा दंडक आम्हांस मान्य आहे. पण मूळ राखावयास नको काय? शिक्क्याचें फर्मान आपण जपतों. शिधापत्रिका, लेव्हीच्या पावत्या, आघाडीवरून आलेलीं पत्रें मात्र रद्दींत घालतों. फर्मानाची नक्कल कदाचित् अन्यत्र सांपडेल. ह्या कागदांची सांपडणार नाहीं.