बीभत्साला लागणारा वेळ

रोलँड जॉफी हे नाव आपल्याकडे 'सिटी ऑफ जॉय'मुळे (१९९२) ओळखीचे आहे. कोलकात्यातल्या त्या चित्रपटात ओम पुरी आणि शबाना आझमी होते. त्याआधी जॉफी यांनी 'द किलिंग फील्ड्स' (१९८४) आणि कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा 'द मिशन' (१९८६) केला होता. याच दिग्दर्शकाने २००७ साली 'कॅप्टिव्हिटी' हा छळपट केला आणि तो पार फसला. रक्तपात अती झाला म्हणून फसला, असे त्याबद्दल सहसा म्हटले जाते. मला हे कारण अपुरे वाटते. रक्त किती सांडले यापेक्षा ते केव्हा सांडले आणि त्यानंतर काय झाले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

तो काळ अशा चित्रपटांच्या भरभराटीचा होता. 'सॉ' (२००४) आणि 'हॉस्टेल' (२००५) यांनी कमी खर्चात मोठी कमाई केली होती. समीक्षक डेव्हिड एडलस्टाइन यांनी २००६ मध्ये या लाटेला 'टॉर्चर पॉर्न' असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. 'कॅप्टिव्हिटी'च्या पटकथालेखकांपैकी एक लॅरी कोहेन. टेलिफोनच्या बूथमध्ये अडकलेल्या माणसाभोवती 'फोन बूथ' (२००२) उभा करणारे लेखक ते हेच. म्हणजे बंदिस्त जागेतला ताण कसा वाढवायचा, हे जाणणारा माणूस हाताशी होता.

कथा एका ओळीची आहे. जेनिफर ही प्रसिद्ध मॉडेल (एलिशा कथबर्ट) तळघरात कोंडली जाते आणि शेजारच्या कोठडीत गॅरी नावाचा आणखी एक बंदी सापडतो. चित्रपटाची चाल मात्र चक्राकार आहे. तिला गुंगी येते, ती जागी होते, तिचा छळ होतो, पुन्हा गुंगी येते. दुसऱ्यांदा पाहताना मी वहीत हे टप्पे मांडले, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक गुंगीनंतर घड्याळ शून्यावर येते. आधीच्या प्रसंगातून पुढे काहीच जात नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आम्लाच्या प्रसंगाचे. जेनिफरला आधी दुसऱ्या एका स्त्रीचा चेहरा जाळल्याचे चित्रीकरण दाखवतात, मग तिलाच बांधून तोच प्रकार सुरू करतात. ती शुद्धीवर येते तेव्हा चेहऱ्यावर पट्ट्या आहेत. पट्ट्या निघतात आणि खाली चेहरा जसाच्या तसा. दिग्दर्शकाला हा धक्का वाटला असावा. माझ्या दृष्टीने चित्रपट इथेच संपतो, कारण इथून पुढे कोणत्याही जखमेवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. मानवी अवयव मिक्सरमध्ये फिरवून तिला पाजण्याचा प्रसंगही असाच. किळस येते, पण ती त्या प्रसंगापुरतीच.

रंगभूमीवर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये हा 'नाट्यशास्त्रा'तला संकेत अशा वेळी हमखास सांगितला जातो. मला त्याच ग्रंथातले दुसरे सूत्र अधिक उपयोगी वाटते. भरताने चार मूळ रसांपासून चार रसांची उत्पत्ती सांगितली आहे आणि त्यात भयानकाचे मूळ बीभत्स आहे. जुगुप्सेतून भय जन्मते. पण जन्मायला वेळ लागतो. जे पाहून किळस आली ते माझ्याही वाट्याला येणार, हे मनात मुरावे लागते. 'कॅप्टिव्हिटी' किळस आणतो आणि ती मुरण्याआधीच नायिकेला गुंगी देतो.

याच प्रकारातला 'सॉ' पाहावा. सुरुवातीलाच साखळदंडाने बांधलेल्या दोघांना करवती सापडतात. त्या साखळी कापू शकत नाहीत. त्या पायासाठी आहेत, हे डॉक्टरच्या ध्यानात येते. पाय कापला जातो तो मात्र शेवटाकडे, आणि तेव्हाही कॅमेरा मुख्यतः चेहऱ्यावर असतो. मधला सगळा वेळ ती करवत प्रेक्षकाच्या मनात चालत असते. 'सॉ' थोर कलाकृती नव्हे. पण त्याला हा हिशेब कळलेला आहे.

'कॅप्टिव्हिटी'चा हिशेब चुकण्यामागे निर्मितीचाही इतिहास आहे. मूळ आवृत्ती बरीच संयत होती. अमेरिकेतल्या प्रदर्शनाआधी छळाची दृश्ये नव्याने चित्रित करून जोडण्यात आली. जोड दिसते ती त्यामुळेच. गंमत म्हणजे त्याचे वादग्रस्त फलक चित्रपटापेक्षा नीट रचलेले होते. अपहरण, कोंडणे, छळ, अंत अशी चार चित्रे, चार पायऱ्या. लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी संताप व्यक्त केला, फलक उतरवावे लागले, मानांकन संस्थेने महिनाभर चित्रपटाची प्रक्रियाच थांबवली. चित्रपट मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरच ये-जा करत राहतो.

एक आक्षेप मी स्वतःलाच घेऊन पाहिला. खरा छळही असाच एकसुरी, पुन्हा पुन्हा होणारा नसतो का? असतो. पण त्यात शरीर काही विसरत नाही. जेनिफरचे शरीर विसरते, म्हणून तिची वेदना आपल्यालाही विसरता येते.

आणि हे जॉफी यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. 'द किलिंग फील्ड्स'मध्ये पळून निघालेला डिथ प्रान चिखलपाण्यात घसरतो आणि सभोवती हाडे, कवट्या दिसू लागतात. रक्ताचा थेंब नाही. तो त्यांच्यातून वाट काढत चालत राहतो आणि चित्रपट त्याला चालू देतो. ही भूमिका करणारे हाइंग न्गोर स्वतः ख्मेर रूजच्या छळातून वाचलेले होते. त्या चित्रपटाच्या तीन ऑस्करांपैकी एक न्गोर यांना आणि एक संकलक जिम क्लार्क यांना मिळाले. मला ही जोडी अर्थपूर्ण वाटते. सोसलेल्या माणसाचा चेहरा आणि त्या चेहऱ्याला पुरेसा वेळ देणारा हात, दोन्ही तिथे होते. तेवीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या तळघरात चेहरा आहे, रक्त आहे. वेळ तेवढा कुणी दिलेला नाही.