ट्यूलिप : स्थिरवस्तुचित्रणातील

पाश्चात्त्य स्थिरवस्तुचित्रणात, विशेषतः सतराव्या शतकातील डच व फ्लेमिश पुष्पचित्रांत, ठळकपणे आढळणारे फूल व प्रतीक. लिली म्हणजे शुचिता, असा ख्रिस्ती धर्मचित्रांतील संकेत पूर्वापार रूढ होता. ट्यूलिपला असा परंपरेने ठरलेला अर्थ नव्हता. तो चित्रकारांना व प्रेक्षकांना नव्याने घडवावा लागला. हेच ह्या प्रतीकाचे वेगळेपण होय.

ऑटोमन तुर्कस्तानातील उद्यानांतून ट्यूलिप सोळाव्या शतकाच्या मध्यास पश्चिम यूरोपात आले. स्विस निसर्गवैज्ञानिक कोनराट गेस्नर याने ते १५५९ मध्ये औग्सबर्ग येथे पाहून त्याचे वर्णन केले. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लूझियस (१५२६–१६०९) १५९३ मध्ये लायडनला आल्यानंतर तेथील विद्यापीठाच्या उद्यानात त्याची लागवड झाली. दुर्मिळ वनस्पतींच्या संग्राहकांची अभिरुची आणि पुष्पचित्रण हे पुढे परस्परांस पोषक ठरले. यान ब्रगेल (थोरला, १५६८–१६२५) हा अँटवर्पमध्ये न मिळणारी फुले रंगविण्यासाठी ब्रुसेल्सला गेल्याचे त्याच्या १६०६ मधील पत्रावरून दिसते. अँब्रोझियस बॉस्खार्ट (थोरला, १५७३–१६२१) याच्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील ‘खिडकीतील फुलदाणी’ (सु. १६१८) ह्या चित्रात ट्यूलिप अन्य फुलांसह मांडलेले आहे. वेगवेगळ्या ऋतूंतील फुले एका फुलदाणीत आणण्याची तत्कालीन प्रथा पाहता, अशी चित्रे म्हणजे प्रत्यक्ष गुच्छांची प्रतिकृती नसून अभ्यासचित्रांवरून केलेली कल्पित रचना होय.

पांढऱ्या वा पिवळ्या पाकळ्यांवर ज्वालांसारखे लाल वा जांभळे पट्टे असलेल्या ट्यूलिपना सर्वाधिक मोल होते. हे पट्टे मावा किडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे उमटतात व त्याने कंद दुर्बल होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. सौंदर्य हेच रोगाचे लक्षण, हा विरोधाभास आजच्या प्रेक्षकास आकर्षक वाटतो; तथापि तो त्या चित्रकारांचा आशय मानता येत नाही, कारण हे कारण त्यांना अज्ञात होते.

अशीच सावधगिरी कंदांच्या सट्ट्याविषयीही आवश्यक आहे. हा सट्टा १६३६-३७ च्या हिवाळ्यात शिगेला पोहोचून फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला. त्यावरील उपहास यान ब्रगेल (धाकटा) याच्या माकडांच्या चित्रात (सु. १६४०) उघड आहे. परंतु बॉस्खार्टची चित्रे सट्ट्यापूर्वीची आहेत, तर हान्स बोलोंगिएरचे ट्यूलिपप्रधान पुष्पचित्र (१६३९, राइक्सम्यूझियम, ॲम्स्टरडॅम) त्यानंतरचे असूनही त्यात उपहासाची खूण दिसत नाही. दुसरीकडे, रूमर व्हिसरने आपल्या प्रतीकग्रंथात ट्यूलिपचा संबंध मूर्खाच्या उधळपट्टीशी १६१४ मध्येच जोडला होता. महाग कंद न परवडणाऱ्यांसाठी त्याचे चित्र हा स्वस्त पर्याय होता, हे मतही सरसकट ग्राह्य नाही. बॉस्खार्टने अखेरच्या काळात एका पुष्पचित्रासाठी एक हजार गिल्डर घेतल्याची नोंद आहे.

ट्यूलिपचा अर्थ मुख्यतः त्याच्या सान्निध्यातील वस्तूंवरून ठरतो. फिलिप द शांपेन्य (१६०२–७४) याच्या चित्रात कवटीच्या एका बाजूस ट्यूलिप व दुसऱ्या बाजूस वाळूचे घड्याळ आहे. तेथे जीविताच्या क्षणभंगुरतेचा बोध निःसंदिग्ध होतो. जेथे असा निर्देश नाही, तेथे प्रत्येक गळलेल्या पाकळीत नीतिपाठ शोधणे धाडसाचे ठरते. डच चित्रांतील गूढार्थांवर ई. डी योंग यांनी भर दिला, तर स्व्हेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये दृश्य वर्णनालाच त्या कलेचे मर्म मानले. पुष्पचित्रांच्या बाबतीत ह्या दोन्ही भूमिका पूर्णतः परस्परविरोधी नाहीत. कारण फुलाचे नाशवंतपण जाणवावे, एवढी जिवंत प्रतीती चित्रकाराच्या सूक्ष्म निरीक्षणातूनच येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेझानच्या ट्यूलिपचित्रांत प्रतीकार्थ मागे पडून आकार व रंग यांचा परस्परसंबंध महत्त्वाचा ठरला.