गाव जागं असेल तरच

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या पेडण्याकडच्या दशावतार या लोकनाट्याला लिखित संहिता नसते. मंडळाचा पेटारा देवळाशी उतरतो, आणि त्या रात्री कुठलं आख्यान लावायचं हे कित्येकदा तिथेच ठरतं. कोण काय करणार, प्रवेश कसे यायचे, एवढं बोलून घेतलं की जो तो आपापला आरसा मांडून रंगायला बसतो. वाक्यं मात्र रंगमंचावर, समोरचा नट आणि समोरचा गाव बघून सुचतात.

दुसऱ्यांसाठी कला करायची ओढ माणसात कुठून येते, याचं उत्तर मला या रचनेत दिसतं. कवी एकट्याने लिहून वही मिटू शकतो. दशावताऱ्याचं वाक्य जन्मालाच येतं ते ऐकणाऱ्यांपुढे.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही सूत्रधार गाई आणि पात्रं आपल्या मनाने बोलत. पुढच्या काही दशकांत लिहिलेल्या संवादांची ‘बुकिश’ आणि संगीत नाटकं आली, शहरी रंगभूमीवर वाक्य नाटककाराच्या हाती गेलं. दशावतारात ते नटाकडेच राहिलं, म्हणून जबाबदारीही त्याच्याच गळ्यात. रामायण, महाभारत, पुराणं त्याला मुखोद्गत हवीत. राजा आणि ऋषी समोरासमोर आले की धर्म, नीती, वचन यांवर जी जुगलबंदी पेटते, तिथे कच्चा नट दोन वाक्यांत उघडा पडतो. आणि हे पारखणारा प्रेक्षक देवळाच्या पटांगणात बसलेला असतो. त्याने तीच कथा तीस वर्षं ऐकलेली असते. आज नवं काय बोलतात, यासाठीच तो पहाटेपर्यंत जागतो. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारातला संकासुर तर मालवणीतून थेट त्याच्याशीच बोलतो, गावातल्या कालच्या गोष्टीवर चिमटा काढतो.

यातले बरेच नट शेती-बागायती सांभाळून कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत रात्री जागवतात. नाइटचे, म्हणजे प्रयोगाचे, पैसे लागतातच, आणि ते कमी आहेत हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण नुसत्या पैशांसाठी कोणी इतकी पुराणं पाठ करत नाही. मानाची जागा आणि देवाची सेवा, दोन्ही त्यात आहेत. भर प्रयोगात पुढे येऊन बक्षीस देणारा माणूसही आहे.

म्हणूनच अलीकडच्या ट्रिकसीनची मला काळजी वाटते. धूर, दिवे, हवेत उडणारी पात्रं यांनी गर्दी येते, तरुण मुलं येतात, हे खरं. पण यंत्राचा प्रसंग वेळेवर व्हावा लागतो, आणि त्यासाठी संवाद आखडतो. स्पर्धा आणि महोत्सवांच्या बांधलेल्या वेळेतही तीच काटछाट होते. मग नट पाठ केलेलं म्हणू लागतो, प्रेक्षक बघू लागतो, ऐकणं सुटतं. 2025 सालच्या ‘दशावतार’ या चित्रपटाने ही कला महाराष्ट्रभर पोचवली याचा आनंद आहे. त्या कुतूहलाने आलेल्या माणसाला जत्रेत सकस जुगलबंदी ऐकायला मिळाली पाहिजे.

त्यासाठी स्पर्धांनी नेपथ्याइतकेच, किंबहुना जास्त, गुण उत्स्फूर्त संवादाला द्यावेत. शिकाऊ मुलांना शिबिरातल्या चार दिवसांऐवजी एखाद्या मंडळाबरोबर पूर्ण हंगाम फिरायला मानधन मिळावं, कारण जुन्या नटासमोर उभं राहून, चुकून, पुन्हा बोलूनच हे शिकता येतं.